विषाणूंवरची औषधे कशी सापडतात? वनस्पती, रसायने आणि रुग्णांनी काय लक्षात ठेवावे

‘डॉक्टर, व्हायरल आहे म्हणता, मग व्हायरसवरचेच औषध द्या ना.’ पावसाळ्यात दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येते. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘मोबाइलवर आले आहे की अमुक पानांचा रस व्हायरस मारतो. घेतला तर चालेल का?’

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. थोडक्यात उत्तर असे, की काही विषाणूंवर आज फार चांगली औषधे आहेत, पण आपल्याला नेहमी होणाऱ्या बऱ्याच विषाणूजन्य आजारांवर अजून नाहीत. ‘अमुक पदार्थ व्हायरस मारतो’ ही बातमी खरी असली, तरी तो पदार्थ घेऊन माणूस बरा होईल असा तिचा अर्थ नसतो. या दोन गोष्टींमध्ये बरेच मोठे अंतर आहे. ते अंतर औषध कसे पार करते आणि बहुतेक पदार्थ वाटेतच का अडतात, हे या लेखात पाहू. औषध घ्यायचे की नाही, कधी घ्यायचे आणि कोणत्या आशेवर वेळ घालवायचा नाही, हे ठरवायला ही माहिती उपयोगी पडेल.

विषाणूवर औषध शोधणे अवघड का आहे?

जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया ही एक स्वतंत्र पेशी असते. तिला स्वतःची भिंत असते आणि वाढण्यासाठी स्वतःची यंत्रणा असते. पेनिसिलिनसारखे अँटिबायोटिक त्या भिंतीच्या बांधणीवर घाव घालते. आपल्या पेशींना तशी भिंतच नसल्यामुळे आपल्याला त्याची झळ लागत नाही.

विषाणूचे तसे नाही. त्याच्याकडे आनुवंशिक माहितीची एक पट्टी आणि तिच्याभोवतीचे वेष्टन, एवढाच संसार असतो. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपलीच यंत्रणा वापरून स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. म्हणून विषाणूला अडवायला गेले की अनेकदा आपल्याच पेशीला इजा होते. त्याच्याकडे अँटिबायोटिकला घाव घालता येईल अशी जागाही नसते. म्हणूनच साध्या सर्दीवर किंवा डेंग्यूवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही.

शरीराबाहेर मात्र अनेक विषाणूंना मारणे सोपे असते. साबण, ब्लीच आणि अल्कोहोल यांनी हे काम होते. कुत्रा चावल्यावर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा असे आम्ही सांगतो, त्याचे एक कारण हेच आहे. साबणाने रेबीजच्या विषाणूचे स्निग्ध आवरण फुटते. अर्थात त्यानंतर लस घ्यावीच लागते, आणि जखम खोल असेल तर सीरमही. ब्लीच मात्र कोणी पिणार नाही. ‘व्हायरस मरतो’ एवढ्यावर औषध ठरत नाही, हे इथेच लक्षात येईल. विषाणू मेला पाहिजे आणि आपली पेशी जगली पाहिजे, तरच ते औषध.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक विषाणूची यंत्रणा वेगळी असल्यामुळे एका विषाणूवरची गोळी सहसा दुसऱ्यावर चालत नाही. नागिणीवरच्या गोळीने फ्लू बरा होत नाही. ‘सगळ्या व्हायरसवर एकच उपाय’ असे कोणी सांगितले, तर तिथेच शंका घ्यावी.

निसर्गात सापडलेले धागे

आधुनिक औषधशास्त्र निसर्गाच्या विरोधात आहे असा काहींचा समज असतो. प्रत्यक्षात अँटिव्हायरल औषधांच्या इतिहासाची सुरुवातच समुद्राच्या तळाशी झाली.

वेर्नर बर्गमन या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ मिळालेल्या एका समुद्री स्पंजातून काही वेगळे रेणू वेगळे केले आणि १९५०च्या सुमारास ते जगापुढे मांडले. आपल्या डीएनएमध्ये असतात तशाच घटकांचे हे रेणू होते, फक्त त्यांतली साखर निराळी होती. खऱ्या नाण्यांच्या ढिगात एक खोटे नाणे मिसळावे, तसे काहीसे. विषाणू आपली प्रत काढताना असे खोटे नाणे उचलतो आणि त्याचे काम तिथेच अडते. या कल्पनेवरून तयार झालेल्या व्हिडाराबीन या औषधाला अमेरिकेत १९७६ मध्ये मान्यता मिळाली. स्पंजातला रेणू मात्र जसाच्या तसा गोळीत आला नाही. त्याने वाट दाखवली आणि पुढचे काम प्रयोगशाळेत झाले.

दुसरे उदाहरण आपल्या मसाल्याच्या डब्यातले आहे. फ्लूवरचे ओसेल्टामिविर हे औषध १९९९ मध्ये बाजारात आले. ते बनवण्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल प्रामुख्याने चक्रीफुलातून काढले जात असे. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हा हे औषध घराघरात माहीत झाले. ‘चक्रीफुलाचा काढा प्या, तेच औषध आहे’ असे निरोपही फिरले. हा समज चुकीचा होता. शिकिमिक आम्ल हा फक्त कच्चा माल. त्यावर एकामागून एक अनेक रासायनिक प्रक्रिया केल्यावर ओसेल्टामिविर तयार होते. कापूस अंगावर टाकला म्हणजे सदरा घातल्यासारखे होत नाही. पुढे हेच आम्ल जिवाणूंकडूनही तयार करून घेता येऊ लागले. आणखी एक सावधगिरीची बाब म्हणजे चक्रीफुलासारखीच दिसणारी एक जपानी जात विषारी असते. तेव्हा मसाल्यात चिमूटभर ठीक, काढा म्हणून मूठभर नको.

प्रयोगशाळेत घडवलेले रेणू

असायक्लोविर हे औषध आज कोणत्याही मेडिकलच्या दुकानात मिळते. गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने १९७०च्या दशकात ते विकसित केले. त्याची खुबी अशी, की पेशीत शिरल्यावर ते झोपलेले असते. नागीण, कांजिण्या किंवा हर्पिसचा विषाणू ज्या पेशीत असेल, तिथे त्या विषाणूचेच एक एन्झाइम या औषधाला जागे करते. निरोगी पेशीत ते जवळजवळ निष्क्रियच राहते. विषाणू मारायचा आणि पेशी वाचवायची, हे कोडे इतक्या नेमकेपणाने प्रथमच सुटले. एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

एचआयव्हीवरच्या पहिल्या औषधाची कथा वेगळी आहे. झिडोव्ह्युडीन हा रेणू १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवला गेला. तिथे तो चालला नाही आणि बाजूला पडला. एड्सची साथ आल्यावर जुने रेणू पुन्हा तपासले गेले, तेव्हा तो एचआयव्हीला अडवतो असे दिसले. १९८७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण एकट्या गोळीला विषाणू लवकर सरावतो हेही लवकरच कळले. तीन औषधे एकत्र दिल्यावर खरा फरक पडला. ती औषधे फार महाग होती. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार सुमारे ३५० डॉलरला देऊ केला आणि गरीब देशांतील रुग्णांसाठी दार उघडले. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांवर ही औषधे मोफत मिळू लागली.

हिपॅटायटिस सी हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. २०१३ मध्ये सोफोसबुविर आले. आता साधारण १२ आठवडे गोळ्या घेऊन ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्णांच्या शरीरातून हा विषाणू पूर्णपणे जातो. अशी पूर्ण सुटका एचआयव्हीत अजून जमलेली नाही.

काचेच्या बशीपासून माणसापर्यंत

‘अमुक वनस्पतीत अँटिव्हायरल गुण आढळले’ अशा बातम्यांतील बहुतेक प्रयोग काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर झालेले असतात. असा प्रयोग ही पहिली पायरी असते. ती महत्त्वाची आहे, पण पुढे निदान चार ठिकाणी पदार्थ अडू शकतो.

पहिला अडथळा मात्रेचा. बशीत पदार्थ हवा तेवढा घट्ट ओतता येतो, रक्तात तसे करता येत नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात आयव्हरमेक्टिनने बशीतला कोरोना विषाणू ४८ तासांत जवळजवळ संपवला. बातमी जगभर गेली आणि आपल्याकडेही घरोघरी या गोळ्या खाल्ल्या गेल्या. पण त्या बशीतले प्रमाण, नेहमीच्या गोळीने रक्तात येणाऱ्या पातळीच्या कित्येक पटींनी जास्त होते. पुढे ब्राझीलमध्ये सुमारे १३५० रुग्णांवर नीट तुलना करून पाहिली, तेव्हा या गोळीमुळे रुग्णालयात दाखल होणे कमी झाले नाही. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा अडथळा पचनाचा. हळदीतील कर्क्युमिनवर हजारो प्रयोग झाले आहेत. ते आतड्यातून फार थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे आतडे व यकृत लवकर रूपांतर करून टाकतात. शिवाय हा रेणू प्रयोगशाळेतील काही चाचण्यांमध्येच ढवळाढवळ करतो, त्यामुळे परिणाम नसतानाही परिणाम दिसू शकतो. घसा खवखवत असताना हळदीचे दूध जरूर प्या, बरे वाटते. विषाणूवरचा उपचार म्हणून मात्र त्यावर विसंबू नका.

तिसरा अडथळा पेशीचा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये कोरोना विषाणू अडवला होता. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींमध्ये तोच प्रयोग केला तेव्हा ते जमले नाही, कारण फुप्फुसात विषाणू वेगळ्या मार्गाने शिरतो. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या १५६१ जणांना हे औषध दिले गेले आणि ३१५५ जणांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत २७ टक्के आणि न घेणाऱ्यांत २५ टक्के निघाले. म्हणजे फायदा दिसला नाही.

चौथा अडथळा सगळ्यांत फसवा आहे. बरेच विषाणूजन्य आजार आपोआप बरे होतात. सर्दी आठवड्यात उतरते. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत शरीरच बरी करते. त्या काळात जे काही घेतले, त्याला श्रेय जाते. काविळीची माळ डोक्यावरून गळ्यात उतरते तसतशी कावीळ उतरते असे अनेक जण सांगतात. माळेतले मुळांचे तुकडे वाळून आक्रसतात, दोरा सैल होतो आणि माळ लांबते. कावीळ तिच्या गतीने उतरतच असते.

म्हणून खऱ्या चाचणीत रुग्णांचे दोन गट करतात. कोणाला कोणता गट हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय दिले ते रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. औषधाच्या गटात जास्त लोक बरे झाले, तरच औषधाला श्रेय.

भुईआवळीची परीक्षा

वनस्पतींची अशी चाचणी कोणी करतच नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी नाही. काविळीसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जाणाऱ्या भुईआवळीची तपासणी जगाच्या पातळीवर झाली आहे.

हिपॅटायटिस बी चा शोध लावणारे नोबेलविजेते बरूच ब्लूमबर्ग यांनाही या वनस्पतीत रस होता. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी त्यांच्या सहकार्याने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिपॅटायटिस बी चा विषाणू अंगात वागवणाऱ्या ३७ जणांना ३० दिवस भुईआवळी दिली. नंतरच्या तपासणीत २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २३ जणांपैकी फक्त एकाच्या रक्तातून ती गेली. म्हणजे ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के. हा निकाल थक्क करणारा होता.

पण विज्ञानात एकदा आलेला निकाल पुरत नाही, तो इतरांच्या हातूनही यावा लागतो. थायलंडसह इतर ठिकाणी चाचण्या झाल्या. मुंबईतील डॉक्टरांनीही १९९४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. पहिल्यासारखा परिणाम पुन्हा दिसला नाही. २०११ मध्ये सगळ्या उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यातही खात्रीने शिफारस करावी असा पुरावा सापडला नाही.

यात भुईआवळीचा अपमान नाही. तिला पूर्ण संधी मिळाली. ओसेल्टामिविर आणि असायक्लोविर ज्या परीक्षेला बसले, त्याच परीक्षेला तीही बसली. प्रयोगशाळेत बनलेले हजारो रेणूही या परीक्षेत नापास होतात, फक्त त्यांची बातमी होत नाही. रेणू झाडातून आला की कारखान्यातून, याने रुग्णाला फरक पडत नाही. तो तपासला गेला का, आणि तपासणीत टिकला का, हे विचारायचे असते.

प्रश्न इथे जिवाचा आहे. हिपॅटायटिस बी चा जुनाट संसर्ग वर्षानुवर्षे काहीच त्रास न देता यकृत पोखरू शकतो. पुढे सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊ शकतो. त्यावर टेनोफोविर आणि एन्टेकाविर ही रोज एक गोळी अशी औषधे आहेत. ती विषाणूला दाबून ठेवतात आणि हा धोका कमी करतात. प्रत्येकाला ती लागतातच असे नाही, पण ते रक्ततपासणीवरून ठरवावे लागते. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून हिपॅटायटिस बी आणि सी चे उपचार मोफत आहेत. ‘कावीळ उतरवून घेतली, आता तपासणी कशाला’ असे म्हणणारा रुग्ण हीच संधी गमावतो.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असे नाही

ज्या पदार्थाचा शरीरावर परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा आणि गोळ्या लाखो लोकांनी घेतल्या. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला आणि त्यांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी तर नव्हती, असा प्रश्न विचारला. त्यानंतर देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशा आणखी रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली.

गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असा याचा अर्थ नाही. पण ज्यांना आधीपासून यकृताचा आजार आहे, थायरॉइड किंवा संधिवातासारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारा आजार आहे, त्यांनी ती स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये. वनस्पती नेमकी कोणती, हा मंत्रालयाचा प्रश्नही रुग्णाला लागू पडतोच. बाजारातून आणलेल्या चूर्णात काय आहे, हे नुसते पाहून कळत नाही.

कारखान्यातल्या गोळ्याही निर्दोष नाहीत. कोविडवरच्या निरमाट्रेलविरसोबत रिटोनाविर हे औषध देतात. रिटोनाविरमुळे कोलेस्टेरॉलच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांची रक्तातील पातळी धोकादायक वाढू शकते. असायक्लोविरची मात्रा मूत्रपिंडाच्या आजारात कमी करावी लागते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्ण आणि काढे पिशवीत घालून आणा. काढा सांगितलात म्हणून डॉक्टर रागावतील ही भीती ठेवू नका. आम्हाला ते कळणे गरजेचे असते.

औषध वेळेवर घेतले तर

अँटिव्हायरल औषधे विषाणूची वाढ थांबवतात. झालेली हानी ती भरून काढत नाहीत. म्हणून लवकर सुरू केली तर उपयोग जास्त होतो.

• फ्लू: ओसेल्टामिविर शक्यतो पहिल्या ४८ तासांत सुरू करावे. धडधाकट माणसाचा आजार त्याने साधारण एका दिवसाने कमी होतो. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले रुग्ण आणि दाखल करावे लागलेले रुग्ण यांच्यासाठी ते अधिक महत्त्वाचे आहे. त्यांना उशीर झाला असला तरी डॉक्टर ते देतात.

• नागीण: अंगावर पुरळ आल्यापासून ७२ तासांत उपचार सुरू व्हावेत. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, दृष्टीला धोका असतो. ‘नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो’ या समजुतीला आधार नाही. पण लेप लावत तीन दिवस घालवले, तर औषधाची वेळ निघून जाते.

• कोविड: जास्त धोका असलेल्यांना गोळ्या पहिल्या पाच दिवसांत द्याव्या लागतात.

• एचआयव्हीची शक्यता असलेला संपर्क: ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, औषध सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते.

• हिपॅटायटिस बी असलेल्या आईचे बाळ: जन्मानंतर २४ तासांत लस द्यावी. प्रसूतीआधीच डॉक्टरांना आजाराची कल्पना द्या.

वेळेबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. २०२१च्या उन्हाळ्यात रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक रात्रभर वणवण फिरले. ‘ते मिळाले असते तर आमचा माणूस वाचला असता’ ही खंत आजही काही घरांत आहे. नंतरच्या अभ्यासांतून काय दिसले ते त्यांना कळायला हवे. दाखल होण्याची वेळ येण्याआधी, अगदी सुरुवातीला दिले तर हे औषध चांगले उपयोगी पडते. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांमध्ये झालेला फायदा लहान होता. व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांमध्ये त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. त्या टप्प्यावर आजाराचे कारण विषाणूपेक्षा फुप्फुसात पेटलेली सूज हे जास्त असते. धावपळीत कमी पडल्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

जिथे औषध नाही तिथे काय करायचे?

डेंग्यूच्या विषाणूवर आज मान्यताप्राप्त औषध नाही. पपईच्या पानांच्या अर्काने प्लेटलेट थोड्या लवकर वाढतात असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पण डेंग्यूत ताप गेल्यानंतर प्लेटलेट आपोआपही वाढू लागतात, आणि रुग्ण दगावतो तो अनेकदा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब पडल्यामुळे. पपईने मृत्यू टळतात असे सिद्ध झालेले नाही. डेंग्यूत जीव वाचतो तो पुरेसे पाणी, योग्य वेळी सलाइन आणि नीट लक्ष ठेवण्याने. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत जपायचे असतात. नेमके तेव्हाच घरातले निर्धास्त होतात.

अनेक विषाणूंवर औषधापेक्षा लस हाच खात्रीचा उपाय आहे. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की कोणतेही औषध उपयोगी पडत नाही. चावल्यानंतर वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

बातमी वाचताना विचारायचे प्रश्न

• प्रयोग बशीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर?
• माणसांवर झाला असेल तर किती जणांवर, आणि औषध नसलेल्या गटाशी तुलना केली होती का?
• काय सुधारले? रक्तातला एखादा आकडा, की माणूस लवकर बरा झाला, दाखल व्हावे लागले नाही, दगावला नाही?
• तोच निकाल दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी पाहिला आहे का?
• सांगणारा तेच उत्पादन विकतो आहे का?

तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी व्हाल का असे विचारले, तर घाबरून नकार देऊ नका आणि घाईने होकारही देऊ नका. भारतात होणाऱ्या चाचण्यांची सरकारी नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. त्यातला नोंदणी क्रमांक विचारा. संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. इजा झाल्यास उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार, हे लेखी असले पाहिजे. मधूनच बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला असतो, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. आज आपण खातो त्या प्रत्येक अँटिव्हायरल गोळीमागे असे कोणीतरी अनोळखी रुग्ण उभे आहेत.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

• कावीळ असताना गुंगी, असंबद्ध बोलणे, सतत उलट्या किंवा रक्तस्राव होत असेल तर.
• गरोदरपणात कावीळ झाली तर. हिपॅटायटिस ई गरोदर स्त्रीसाठी जीवघेणा ठरू शकतो, माळ किंवा काढ्यावर एकही दिवस घालवू नका.
• तापात धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा ऑक्सिजनची पातळी ९४ च्या खाली गेली असेल तर.
• डेंग्यूत पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे किंवा हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी काही दिसले तर.
• तापासोबत झटके, मानेचा ताठरपणा किंवा वागण्यात अचानक बदल दिसला तर.

शेवटी, चालू असलेल्या औषधाबद्दल. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी ची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून किंवा कोणी दुसरा उपाय सुचवला म्हणून बंद करू नका. एचआयव्हीत मधूनमधून गोळ्या चुकवल्या तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. हिपॅटायटिस बी ची गोळी अचानक थांबवली तर आजार उसळून यकृत निकामी होऊ शकते. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच पुढच्या आणून ठेवा, आणि गावी जाताना त्या सामानात पहिल्यांदा भरा.

ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या आजारासाठी कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे तुम्हाला तपासणारे डॉक्टरच ठरवू शकतात.